नाकावर टिच्चून

"ज्याच्या नजरेतून माशीच काय, माशीच्या पंखावरची धूळही सुटत नाही; ज्यानं उभं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांचे नंबर बाहेर काढले; ज्याच्यासमोर बसताच भल्याभल्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात..."

"ते तुम्ही टॉर्च मारता म्हणून, बाबा."

"...तो गुप्तहेर डोळस बोलतोय. सहायक, नोंद घ्या. दुकान उघडलं. सगळं जागच्या जागी आहे. हेच मला खटकतंय."

शेवटचा साधा दिवस असा सुरू झाला. तो शेवटचा आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं, आणि असतं तरी सहायकबाईंनी ते वाचलं नसतं. त्यांचा एक डोळा ऑफिसच्या मीटिंगवर होता आणि दुसरा उतू जाऊ पाहणाऱ्या दुधावर.

गुप्तहेर डोळस म्हणजे तिचे वडील. डोळस हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं, कारण दुसरं कुणी देईना. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकान चालवायची तिची आई. वडील त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायचे. मुलगी दुसऱ्या गावात राहून प्रोग्राम लिहायची, तेही फंक्शनल पद्धतीचे. ही पद्धत काय असते हे तिनं एकदा घरी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. सगळं शांतपणे ऐकून घेऊन आई म्हणाली होती, "एवढी फंक्शनं करतेस, आम्हाला एकदाही बोलावलं नाहीस."

डोळसांच्या नावावर बरीच प्रकरणं जमा होती. बेपत्ता किल्लीच्या प्रकरणात त्यांनी तीन संशयित गाठले, एकाची माफी मागितली आणि किल्ली परदेशी गेल्याचा निष्कर्ष काढला. आई म्हणाली, "दाराला आहे." हरवलेल्या छत्रीच्या प्रकरणात ते भर पावसात तासभर पाळतीवर उभे राहिले आणि कोरडे परत आले. आई म्हणाली, "हातात आहे." आईची सगळी उत्तरं दोन शब्दांची असत. वडिलांच्या मते तपासाचं हे काम फारच ओबडधोबड होतं. त्यात कलाच नव्हती.

"गुप्तहेराला एक सहायक असतो," ते मुलीला सांगत, "आणि सहायकाला एकच वाक्य असतं. गुप्तहेर निष्कर्ष सांगतो आणि थांबतो. सहायकानं डोळे विस्फारून म्हणायचं, 'पण हे तुम्ही ओळखलंत तरी कसं?' एवढंच. पगार नाही, पण कामही नाही. त्यात तुला जड काय जातं?"

जड काहीच नव्हतं. पण तिनं पुष्कळ वाचलं होतं, आणि कोणतं वाक्य कुठे शोभतं हे पुष्कळ वाचलेल्या माणसाला जरा जास्तच कळतं. ते वाक्य शोभायला गुप्तहेरानं निदान एकदा काहीतरी ओळखायला हवं होतं. डोळस मात्र प्रत्येक निष्कर्षानंतर त्या वाक्यापुरती जागा सोडायचे. फोनवर ती जागा अगदी स्पष्ट ऐकू यायची. तिकडे पंख्याची घरघर, लांब कुणाचा तरी हॉर्न, आणि एक माणूस आशेनं थांबलेला. त्या जागेत ती म्हणायची, "बरं, आईला द्या फोन."

"गाणं पाठवलंय," त्या सकाळी ते म्हणाले. "साक्षीदार म्हणून जपून ठेव."

गाणं म्हणजे दुकानातल्या दर्शनी कपाटाचं गाणं. रोज दुकान उघडलं की ते कपाटापुढे उभे राहून वरच्या फळीपासून एकेक फ्रेम खड्या आवाजात म्हणत: काळी, सोनेरी, कॉफी, मांजरडोळी, काळी, बिनकाठाची, चंदेरी... अशी खालच्या फळीपर्यंत. ते फोनवर रेकॉर्ड करून मुलीला पाठवत आणि मग फडकं घेऊन एकेक फ्रेम पुसायला बसत. दुकान बंद करताना पुन्हा तेच, पण उलट्या क्रमानं, खालून वर. "रोज एकाच बाजूनं म्हटलं तर चोराला पाठ होईल," असं त्याचं शास्त्र होतं. मुलीच्या फोनमध्ये ही गाणी न ऐकता साठत चालली होती. ती पुसून टाकावीत असं तिला बरेचदा वाटे. पण पुसायलाही वेळ लागतो.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. या खेपेला आवाज खाली होता. गुप्तहेराचा आवाज खाली गेला की समजावं, आई जवळपास आहे.

"सहायक, घात झाला. कपाटात काहीतरी बदललंय."

"एखादी फ्रेम गेली का?"

"मोजल्या. संख्या बरोबर आहे. म्हणून तर प्रकरण गहन आहे! एक नेली आणि एक ठेवली. हा साधा चोर नाही, सभ्य चोर आहे. आणि सभ्य म्हटल्यावर आपला समोरचा बाद होतो, पण तो बाद होतो म्हणूनच मला त्याचा दाट संशय आहे."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा चष्मेवाला. दोघांची दुकानं तोंडाला तोंड लावून उभी होती आणि दोघे एकमेकांच्या तोंडाला लागत नसत.

"समोरचा आज तुमच्या दुकानात आला होता?"

"नाही. किती धूर्त आहे बघ. शाळेतल्या बाई मात्र आल्या होत्या. सगळ्या फ्रेमा लावून पाहिल्या, एकही घेतली नाही. आता तूच सांग, चष्मा न घेणारी बाई चष्म्याच्या दुकानात कशाला येईल? समोरच्यानं पाठवली."

"बाबा, सकाळचं गाणं आणि संध्याकाळचं गाणं शेजारी ठेवून ऐका की."

"ऐकलं. एक सुलटं आणि एक उलटं. दोनदा ऐकल्यावर मला घेरी आली. ताल चुकलाय एवढं कळतं, कुठं ते कळत नाही. म्हणून तर तुझ्याकडे आलो. तुझ्या त्या फंक्शनला लाव की कामाला."

खरं तर तिला काम होतं. पण फंक्शनल पद्धतीत दोन मालिकांमधला फरक काढणं म्हणजे एका ओळीचं काम, आणि ती ओळ लिहिणं हे वडिलांना नाही म्हणण्यापेक्षा सोपं होतं.

"पहिल्या मालिकेतून दुसरी वजा करायची," टाइप करता करता ती म्हणाली. "जे उरेल ते गेलेलं. मग उलट, दुसरीतून पहिली वजा. जे उरेल ते नव्यानं आलेलं."

"दोनदा कशाला?"

"वजाबाकी आहे, बाबा. उलटी केली की उत्तर बदलतं. तुमच्या दुकानातून समोरच्याचं दुकान वजा केलं तर काय उरेल?"

"शांतता," डोळस म्हणाले. "आणि ह्या कापाकापीत माझ्या मूळ गाण्याची वाट नाही ना लागणार?"

"मूळ मालिकेला हातच लावत नाही. हीच तर खासियत आहे. जुनी होती तशीच राहते, उत्तर वेगळं तयार होतं. एकदा झालेलं बदलत नाही."

"बघतं सगळं, पण हात कशाला लावत नाही." पलीकडे क्षणभर आदर पसरला. "अगं, मग हे फंक्शन नाही. हे गुप्तहेर आहे."

फोननं दोन्ही गाण्यांची अक्षरं करून दिली. क्रम उलटसुलट असल्यानं तिनं क्रमाचा विचार सोडून दिला, दोन्हींचे संच केले आणि एकातून दुसरा वजा केला. उत्तर रिकामं. उलट केलं. तेही रिकामं.

"काही फरक नाही, बाबा."

"फरक आहे."

"फंक्शन म्हणतंय नाही."

"मग तुझ्या फंक्शनला चष्मा लागलाय. घेऊन ये दुकानात, सवलत देतो." मग घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "आज मलाही जरा धूसरच दिसतंय म्हणा. दिवसभर. लांबचं धूसर आणि जवळचं त्याहून धूसर."

"मग डोळे तपासून घ्या."

"कुणाकडून? समोरच्याकडून? त्यापेक्षा धूसर बरं. ते जाऊ दे. माझा निष्कर्ष संध्याकाळच्या गाण्याच्या शेवटी बोलून ठेवलाय, तो ऐक. त्यात..."

"ऐकते नंतर. बाबा, मीटिंग आहे. आईला सांगा मी उद्या बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं आलं नाही. फोन आला तो आईचा. आईची उत्तरं नेहमी दोन शब्दांची असत. त्या दिवशीही तेवढेच शब्द होते.

*

डॉक्टर घरोब्यातले होते. "झोपेत गेले," ते म्हणाले. "हृदय बंद पडलं. त्यांना कळलंही नसेल."

"आदल्या दिवशी त्यांना धूसर दिसत होतं," मुलगी म्हणाली. "मला म्हणाले होते."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बॅगेत ठेवला, मग पुन्हा काढून नीट ठेवला. "धूसर म्हणजे हळूहळू, का अचानक?"

"माहीत नाही."

"हळूहळू म्हणजे वय. अचानक असेल तर एखादी पूर्वसूचना असू शकते. नसूही शकते. आता त्याचा विचार करू नका."

विचार करू नका म्हटलं की माणूस दुसरं काय करतो? लोक येऊन गेले. खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत गेल्या. आई येणाऱ्याला पाणी द्यायची आणि जाणाऱ्याला "सावकाश जा" म्हणायची. मुलगी तिच्या शेजारी बसून एकाच शब्दाभोवती फिरत होती. धूसर. ते म्हणाले होते आणि ती म्हणाली होती, डोळे तपासून घ्या. आल्यागेल्याला चहा प्या म्हणावं तितक्या सहज.

असं एक प्रकरण सहायकबाईंकडे आलं. गुप्तहेर उपलब्ध नव्हते. प्रश्न साधा होता: त्या दिवशी बाबांची नजर अचानक गेली होती का? तिनं वडिलांचीच पद्धत धरली, म्हणजे आधी समोरच्यावर संशय घेतला आणि मग त्याला भेटायला गेली.

समोरचा दुकानाबाहेर स्टुलावर बसला होता. तिला पाहून उठला, स्टूल तिला दिलं आणि स्वतः काय करावं न कळून एका पुठ्ठ्याच्या माणसाला टेकून उभा राहिला. हा पुठ्ठ्याचा माणूस त्याच्या दुकानाची जाहिरात होता: काळा चष्मा, छातीवर घडी घातलेले हात, तोंडभर हसू.

"काका, त्या दिवशी बाबा तुम्हाला कसे वाटले?"

"कसे म्हणजे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले ना!" समोरचा म्हणाला. "माझ्याशी नाही. याच्याशी." त्यानं पुठ्ठ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुपारी तुमच्या पायरीवर उभे राहून याला म्हणाले, 'हसतोयस काय? मला सगळं माहीत आहे.' मी आतच होतो. मला वाटलं, टोमणा मारताहेत. मीही आतून ओरडलो, 'काय माहीत आहे?' तर याच्याकडे बोट करून म्हणाले, 'ओठ न हलवता बोलतोय! किती बनेल आहे!'"

तिला हसू आलं, आणि अर्ध्या वाटेत ते परत गेलं. रस्ता काही फार रुंद नव्हता. एवढ्या अंतरावरून पुठ्ठा आणि माणूस यांतला फरक कळला नाही?

"रोज न बोलता भांडायची सवय होती हो," समोरचा म्हणाला. "आता दुकान उघडतो, तर समोर कुलूप. कुणाच्या जिवावर उघडायचं?"

शाळेतल्या बाई स्वतःच घरी आल्या होत्या. त्यांना बोलतं करावं लागलं नाही. बंद करावं लागलं. "तुमच्या वडिलांनी मला तक्ता वाचायला लावला. मी वरची ओळ वाचली. म्हणाले, चूक. पुन्हा वाचली. म्हणाले, बाई, शिकवता कसं तुम्ही? अहो, मी बरोबर वाचत होते! शेवटी ते स्वतः उठून तक्त्याला नाक लावून आले आणि म्हणाले, 'आज तक्त्याचीच तब्येत बरी नाही. उद्या या.' म्हणून तर मी काही न घेता गेले." त्यांनी डोळे टिपले. "उद्या या म्हणाले हो."

दोन साक्षी झाल्या, दोन्ही हसण्यासारख्या, आणि दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवणाऱ्या. उरला तिसरा साक्षीदार, तिच्याच फोनमधला. त्या सकाळचं गाणं तिनं तोवर ऐकलं नव्हतं. धीर करून लावलं. काळी, सोनेरी, कॉफी... आवाज खणखणीत, एकही अडखळ नाही. शेवटी एक शेरा होता: "ता. क. समोरच्याच्या पाटीवर 'चष्मे' शब्दाची मात्रा उडालीय. इथून दिसतंय. आता तो 'चष्म' विकतो. हे त्याला सांगायचं नाही."

म्हणजे सकाळी रस्त्यापलीकडची मात्रा दिसत होती आणि दुपारी अख्खा माणूस दिसत नव्हता. हळूहळू नाही. अचानक.

माणसाला दुसरं काही सुचत नसलं की तो आपल्याला येणारं काम करत बसतो. तिनं दोन्ही मालिका पुन्हा पुढ्यात घेतल्या. या खेपेला मीटिंग नव्हती, म्हणून अक्षरांवर न थांबता तिनं कान दिला. संध्याकाळचं गाणं खालून वर येत होतं: ...चंदेरी, बिनकाठाची, कॉफी, मांजरडोळी, कॉफी, सोनेरी, काळी.

कॉफी दोनदा.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं लोकांना टाळायला शिकवलेली चूक तिनं स्वतः केली होती. संचात प्रत्येक गोष्ट एकदाच मावते. जुळी भावंडं आली तरी संच एकालाच आत घेतो. सकाळी दोन काळ्या आणि एक कॉफी. संध्याकाळी एक काळी आणि दोन कॉफी. संचाला विचारलं तर सकाळीही काळी आणि कॉफी, संध्याकाळीही काळी आणि कॉफी. फरक काय? काही नाही! हवी होती ती पिशवी, जिच्यात एकासारखे दोन आले तर दोन्ही राहतात, आणि वजा करताना एकाला एकच जातो.

तिनं ओळ बदलली. सकाळ वजा संध्याकाळ: काळी. संध्याकाळ वजा सकाळ: कॉफी.

बाबा बरोबर होते. फरक होता. एक गेली होती, एक आली होती.

अर्धा क्षण तिला अभिमान वाटला, आणि उरलेल्या अर्ध्यात पुढचा तर्क सुचला. पुष्कळ वाचण्याचे तोटे असतात. चोर नव्हताच. फ्रेम जिथल्या तिथे काळीच होती. म्हणणाऱ्याला ती कॉफी दिसली होती. चाळीस वर्षं फ्रेमा विकणाऱ्या माणसाला काळा रंग ओळखू आला नव्हता. संध्याकाळपर्यंत डोळे इतके गेले होते, आणि ते डोळे तिला फोन करून सांगत होते, आणि ती म्हणाली होती, काही फरक नाही.

"आई," ती म्हणाली, "दुकानाची किल्ली दे."

"मी पण येते," आई म्हणाली. "कपाटावर टाकायचं कापड उसवलंय. धूळ बसत असेल."

*

दुकानात बंद घराचा वास होता. आईनं पंखा लावला, त्यानं नेहमीची घरघर केली. मुलगी सरळ कपाटापुढे गेली. वरची फळी. काळी. सोनेरी. कॉफी. मांजरडोळी. मग पाचवी.

ती काच सरकवून जवळ वाकली. फोनचा दिवा लावला. पाचवी फ्रेम काळी असेल तर प्रकरण मिटलं, आणि ते तिला जन्मभर पुरलं असतं.

पाचवी फ्रेम कॉफी होती. गडद, पण कॉफी. दोन कॉफी, अगदी जशा म्हटल्या तशा. म्हणजे संध्याकाळी बाबांना रंग बरोबर दिसला होता. मग पुठ्ठ्याचा माणूस? मग तक्ता? आणि ही दुसरी कॉफी इथे ठेवली कुणी? तिच्या डोक्यात संशयितांची रांग लागली. बाई. समोरचा. पुठ्ठ्याचा माणूस.

"किती वेळ झाला, दोराच ओवला जात नाहीये," मागून आई म्हणाली.

आईनं स्वतःचा चष्मा कधी करून घेतला नव्हता. चष्मेवाल्याच्या बायकोला चष्मा लागला तर धंद्याची बदनामी, असं तिचं म्हणणं. सुईत दोरा ओवायचा असला की ती नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायची, आणि तेवढा वेळ गुप्तहेर हात पुढे करून दुकानात चाचपडत. आताही तिनं पर्समधून चष्म्याचं घर काढून त्यातला त्यांचा चष्मा लावला होता. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. सुई उजेडाकडे धरली होती, दोऱ्याचं टोक नेढ्याच्या अलीकडून पलीकडून जात होतं, आणि मुलीला वाटलं, आईच्या डोळ्यांत पाणी असणार.

"दे, मी ओवते."

"थांब." आईनं चष्मा काढला, पाहिला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. कपाळाला आठी होती. "अगं, ह्यात..."

"ह्यात काय?"

"नंबर नाही."

दोन शब्द.

मुलीनं चष्मा हातात घेतला. दाखवायच्या फ्रेममध्ये बसवलेली असते तशी साधी, सपाट, कशाच्याही कामाची नसलेली काच. फ्रेम उजेडात धरली. काळी.

आई उठून कपाटाशी आली. पाचवी फ्रेम उचलली, पुसायला आधी हाताशी फडकं शोधलं, मग बाहीलाच पुसून डोळ्यांना लावली. एका झटक्यात दोरा सुईच्या नेढ्यातून आरपार.

"हा त्यांचा," आई म्हणाली.

मग सगळं आपोआप जागच्या जागी बसत गेलं. सकाळचं गाणं झालं. गुप्तहेर फडकं घेऊन फ्रेमा पुसायला बसले. सगळ्या पुसून झाल्यावर स्वतःचा चष्माही काढून पुसला, सवयीनं फळीवर रिकाम्या जागी ठेवून दिला, आणि तितक्याच सवयीनं हाताला लागलेली शेजारची फ्रेम नाकावर चढवली. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे नंबर काढले, तो माणूस दिवसभर बिननंबरी हिंडला. पुठ्ठ्याला दरडावलं, बाईंना नापास केलं, तक्त्याला आजारी ठरवलं, आणि एकदाही त्याच्या मनात आलं नाही की हात लावून पाहावं आपल्या नाकावर काय आहे. नजर गेली नव्हती. चष्मा गेला होता, तोही हातभर अंतरावर.

मुलगी खाली बसली. जमिनीवरच. आधी तिला वाटलं आपण रडतोय. मग आईकडे पाहिलं, तर आई काउंटरला धरून हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत.

"अख्खा दिवस गं," आई म्हणाली. "अख्खा दिवस हा माणूस... घरी आल्यावर चहाचा कप टेबलाच्या शेजारी ठेवला. शेजारी! मी म्हटलं, लक्ष कुठंय तुमचं? तर म्हणाले..."

आईनं सुई पुन्हा हातात घेतली.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"आई."

"म्हणाले, आज तू काय सुंदर दिसतेस." आईनं सुई कापडात खुपसली. तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. "मी मनात जपून ठेवलं होतं ते. आता कळलं. नंबर नव्हता म्हणून."

आईनं दोन टाके घातले आणि कापड उलटून पाहिलं.

"असू दे. बोलले ते बोलले. तुझंच ते फंक्शन ना? एकदा झालेलं बदलत नाही."

मग ती टाके घालत राहिली. रस्त्यापलीकडे समोरच्यानं दुकान अर्धवट उघडलं होतं आणि इकडे दार उघडं पाहून तो पायरीवर येऊन उभा होता, पुठ्ठ्याच्या माणसाशेजारी, जवळजवळ तसाच. मुलीनं त्याला हात केला. दोघांपैकी एकानं हात केला.

तेव्हा तिला आठवलं. निष्कर्ष. तो संध्याकाळच्या गाण्याच्या शेवटी बोलून ठेवला होता. शेवटची 'काळी' ऐकू आली की ती दर वेळी फोन बंद करत आली होती. तिनं तेवढा तुकडा लावला आणि फोन काउंटरवर, आईच्या कापडाशेजारी ठेवला.

"...कॉफी, सोनेरी, काळी. समाप्त. सहायक, आता निष्कर्ष ऐका." घसा खाकरल्याचा आवाज आला. आईची सुई थांबली. "मी दिवसभर विचार केला. संशयित तपासले. पुरावे तोलले. चोर लांब कुठे गेलेला नाही, तो ह्याच दुकानात आहे. आणि फ्रेमही बाहेर गेलेली नाही. गुन्हा फार उघडपणे झालाय, म्हणून तो कुणाला दिसत नाही. लिहून घे: ती फ्रेम माझ्या नाकावर टिच्चून नेली आहे. अगदी नाकावर!"

आणि मग त्यांनी जागा सोडली.

रेकॉर्डिंग चालूच होतं. पंख्याची घरघर होती, तीच आता वर फिरणाऱ्याही पंख्याची होती. लांब कुणाचा तरी हॉर्न. आणि एक माणूस थांबलेला, फार घाई नसलेला, रोजच्यासारखा.

आईनं तिच्याकडे पाहिलं.

मुलीनं फोन जवळ ओढला. वडिलांसारखाच घसा खाकरला, आणि डोळे विस्फारून, अगदी जसे विस्फारायचे असतात तसे, त्या शांततेत म्हणाली:

"पण बाबा, हे तुम्ही ओळखलंत तरी कसं?"